पटाशीची टोपी

विश्रांतवाडी, पुणे
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय बाबा,

सविनय जयभीम. हिरा आत्यालाही सांगा. मी बरी आहे, वेळेवर जेवते, आणि आत्याने विचारायच्या आतच सांगते, हो, पाणी गाळून पिते.

फोनवर तुम्ही सगळ्याला "बरं, बरं" म्हणता आणि त्यातलं निम्मंही तुम्हाला ऐकू आलेलं नसतं. खडकीच्या कारखान्यात उभा जन्म मशीनशेजारी काढल्यावर कान आणखी काय करणार! म्हणून लिहिते. पत्र तुम्ही दोनदा वाचता आणि मी पाठवण्याआधी तीनदा तपासते. कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो. आपलं काही न तपासता गेलं की मला चैन पडत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. "गावी आल्यापासून हात रिकामे वाटतात. तू लाकडाचं काम शिकतेस तर मलाही कळव, एखादा पाट करून पाहीन." वाचून इतका आनंद झाला की त्याच शनिवारी बोहरी आळीत गेले. दुकानदाराला म्हटलं, "काका, जरा करवती दाखवाल का?" ते वर न बघता म्हणाले, "हे दुकान आहे, प्रदर्शन नाही. घ्यायची असेल तर दाखवतो." मग कुणासाठी ते कळल्यावर मात्र त्यांनी चार करवती काढून प्रत्येकीचे दात उजेडात धरून दाखवले.

पार्सल वेगळं पाठवलं आहे. त्यात एक करवत, लाकूड कोरायच्या दोन पटाश्या, एक अर्ध्या इंचाची आणि एक एक इंचाची, काटकोन तपासायचा गुण्या आणि धार लावायचा दगड आहे. सुरुवातीला एवढं पुरे. माझ्या क्लासमध्ये लोक आधी कपाटभर हत्यारं घेतात आणि मग वर्षभर ती पुसत बसतात.

आता नीट वाचा. पहिल्याच कामाला सागवान आणू नका. चूक झाली की जीव हळहळतो आणि मग हात घाबरतो. फळांच्या खोक्याच्या फळ्या घ्या, पण त्यातले खिळे एकूण एक काढा. रेघ पेन्सिलीने बारीक मारायची आणि करवत रेघेवर नाही, टाकून द्यायच्या बाजूने रेघेला लागून चालवायची. मी महिनाभर रेघेवरच कापत होते आणि प्रत्येक तुकडा करवतीच्या दाताएवढा कमी भरत होता. पटाशी चालवताना दोन्ही हात पात्याच्या मागे. फळी हाताने धरायची नाही, शिकंज्यात पकडायची. हे वाक्य परत एकदा वाचा.

खाली काहीतरी हलणार नाही असं लागतं. मला आपल्या अंगणातली उलटी दगडी कुंडी आठवली. तिचा तळ सपाट आहे आणि ती तर बैलालाही हलणार नाही. पण तुम्ही म्हणाल, ती आबा आजोबांची बसायची जागा. तिच्यावर बसून ते तुमच्याकडून पेपर वाचून घ्यायचे, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंय. तेव्हा ते तुम्हीच ठरवा.

धारेचं सांगायचं राहिलं. दगडावर पाणी टाकून पातं एकाच कोनात धरून घासायचं, मग उलट बाजू सपाट ठेवून दोनदा फिरवायची. त्याने कडेला एक बारीक कंगोरा येतो. तो काढायला शेवटी पातं एका पट्टीवर मागे ओढतात. ती पट्टी या पार्सलमध्ये नाही. तिच्याबद्दल नंतर लिहीन.

क्लास खडकी स्टेशनजवळ एका गॅरेजमध्ये भरतो. मुक्ताई नावाच्या ताई शिकवतात, आधी इमारतींचे नकाशे काढायच्या. सकाळी लाकूडकाम असतं. दुपारीही काहीतरी असतं, मी कधी कधी थांबते.

पटाश्या वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी लावली आहे. जपून उघडा.

तुमची
अपेक्षा

•

विश्रांतवाडी
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबा,

तुमचं कार्ड आलं. "पार्सल मिळाले. पटाशी धारदार आहे. ठीक आहे." एवढंच. मी ते वाचून खूश झाले होते. काल आत्याचा फोन आला तेव्हा कळलं, ती धारदार आहे हे तुम्हाला कसं समजलं ते.

आत्या म्हणाली, "काऊन वं पोरी, बापाले भेट पाठोली का वैर काढलं? अंगठा फाटला ना त्याचा! तालुक्याले नेऊन शिवून आणला. अन् हा बुवा म्हन्ते, तिले सांगू नको."

बाबा, मला सांगायला हवं होतं. नाही, हे वाक्य खोडायला हवं. सांगायला हवं होतं ते मी.

पटाशीला एक टोपी असते. पात्याच्या टोकावर बसणारी, म्हणजे ती ठेवताना, नेताना, पिशवीतून काढताना कुणाला लागू नये. तुम्हाला पाठवलेल्या दोन्ही पटाश्यांना टोप्या होत्या. त्या मी स्वतः शिवल्या होत्या, त्यांच्याच मापाने, घट्ट. पार्सल बांधून झालं, पत्ता लिहून झाला, आणि मग मी ते परत उघडलं, टोप्या काढून घेतल्या आणि वर्तमानपत्र गुंडाळलं. धारेने कागद वाटेतच कापला असणार. मला ते कळत होतं. दुसऱ्यांच्या चुका पकडणारी मी, हे डोळ्यांसमोर दिसत असताना पाठवून दिलं.

कारण टोप्या चामड्याच्या होत्या.

क्लासमध्ये दुपारी चामड्याचं काम असतं. मी कधी कधी थांबते असं लिहिलं होतं. मी दर रविवारी थांबते, जूनपासून. कागदात गुंडाळून पाठवायचं आता काही उरलं नाही, म्हणून सगळंच लिहिते.

लहानपणी क्वार्टरमध्ये माझी चप्पल तुटली होती. मी सुई-दोरा घेऊन बसले, तर तुम्ही ती हातातून घेतली आणि बाहेर टाकली. दुसऱ्या दिवशी नवी आणलीत. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की आबा दीक्षा घेऊन आले त्याच दिवशी त्यांनी कातडं भिजवायची कुंडी अंगणात उलटी केली, कातडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी मोडून टाकली, आणि आपल्या घरात पुन्हा चामड्याला हात लागणार नाही म्हणाले. मी तेव्हा तिसरीत होते, पण कळलं होतं. माझं दप्तर, माझी कॉलेजची फी, ही नोकरी, सगळं त्या उलट्या कुंडीवर उभं आहे. आपल्या घरात पहिली पदवी माझी, पण पाया तिचा. आणि मीच सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून दोन सुया घेऊन बसते.

का, ते मला धड सांगता येत नाही. लाकूड ठोकलं की आवाज होतो, सगळ्यांचं लक्ष जातं. हे काम गुपचूप होतं. आधी भोकं सारख्या अंतरावर पाडून घ्यायची. एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, दोऱ्याला मेण. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोरून जातात आणि दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढायचं. एका हाताने जास्त ओढलं की टाका वाकडा पडतो. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. कडा ओल्या करून गुळगुळीत लाकडाने घासल्या की चकाकतात. डोक्यातली चिंता थांबते, बाबा. माझ्या डोक्यातली चिंता कशानेच थांबत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

एकदा अभिनव म्हणून एक मुलगा माझं काम बघून म्हणाला, "तुझ्या तर हातातच आहे हे." तो सहज बोलला, त्याला आपलं काही माहीत नाही. पण सुई खाली ठेवून मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. रक्तात असतं तर पहिला टाका सरळ आला असता. मी तो इतक्यांदा उसवला की चामड्याची चाळण झाली आणि मुक्ताईताई म्हणाल्या, "अगं, आता याचं पीठ चाळायला घेऊ का?" मी शिकले आहे, बाबा. जशी गणितं शिकले तशी.

तिथे बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याला फार मान आहे. लोक नाकाशी धरून वास घेतात आणि डोळे मिटून "आहाहा" म्हणतात. मी घेत नाही. आबांचं घर त्याच वासापायी गावाच्या टोकाला होतं हे मला त्यांच्यासमोर बोलता येत नाही आणि विसरताही येत नाही.

मुक्ताईताईंनी विचारलं आहे की जानेवारीपासून दुपारचा नव्या मुलांचा वर्ग मी घेईन का. दारावरच्या पाटीवर माझं नाव लागेल. मी अजून उत्तर दिलेलं नाही. इथे प्रत्येकजण आपण केलेल्या वस्तूवर आपलं नाव दाबतो. माझ्या कशावरच नाव नाही.

धारेची पट्टी चामड्याची असते, ते तुम्हाला आता कळलंच असेल. पण खरं तेही सांगते. जुन्या जीन्सचं कापड फळीवर ताणून चिकटवलं तरी कंगोरा निघतो. टोपीही जाड कापडाची होते. चामड्यावाचून अडत नाही.

तर मला एवढंच कळवा, कापड पाठवू की चामडं? तुम्ही कापड म्हणालात तर मी कापडच पाठवीन, पाटीला नाही म्हणीन, आणि रविवारी दुपारी तिथे थांबणार नाही. रागावणार नाही. खरंच. हेही तीनदा तपासलं आहे.

अंगठा पाण्यापासून जपा. टाके काढेपर्यंत पटाशीला हात लावू नका.

तुमची
अपेक्षा

•

विश्रांतवाडी
२१ डिसेंबर २०२५

प्रिय बाबा,

जयभीम.

तुमचं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र! पाकीट जाड लागलं तेव्हाच मी जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बसायला खुर्च्या असतात गं घरात." त्यांना म्हटलं, उठते हं, आणि पत्र संपेपर्यंत उठले नाही.

तुम्ही लिहिलेलं मी पुन्हा इथे उतरवते आहे. मला नीट समजलं का ते तुम्ही तपासा.

तुम्ही लिहिलंय की आईने मला अर्धंच सांगितलं होतं, कारण तुम्हीही तिला अर्धंच सांगितलं होतं. आबांना चामड्याचा राग नव्हता. गावात कुणाचंही जनावर मेलं की लोक ते आपल्या दारात आणून टाकायचे. वेळ बघायचे नाहीत, घरात लग्न आहे की मौत आहे बघायचे नाहीत. कुणी कधी विचारलं नाही. कुंडी उलटी केली ती गावाला दिसावी म्हणून. ती आतून नाही, रस्त्यावरून वाचायची होती. त्यानंतरही दोनदा लोकांनी आणून टाकलं आणि आबांनी दोन्ही वेळा त्यांना परत न्यायला लावलं. दुसऱ्या वेळी तुम्ही त्यांच्या शेजारी उभे होता. इतकी माणसं आणि आपण दोघं, असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढची ओळ खोडली आहे. मी ती उजेडात धरून बघितली नाही.

आणि माझी चप्पल? "तुला सुई घेऊन बसलेलं पाहिलं आणि मला दार आठवलं. चप्पल नव्हती फेकायला पाहिजे. तू रडली नाहीस, त्याचं जास्त वाटलं." बाबा, मला त्याचं काही वाटत नाही आता. खरं म्हणजे वाटायचं. कालपर्यंत.

मग तुम्ही विचारलंय, "तुला त्या बाईंनी वर्ग घेतेस का असं विचारलं ना? नाही म्हणायची सोय ठेवली ना?"

हो, बाबा. विचारलं. सोय ठेवली.

"मग चामडं पाठव. टोप्याही पाठव, नाहीतर तुझी आत्या मला जगू देणार नाही. काम मी कुंडीवरच करतो, हलत नाही. पण ती उलटीच राहील."

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, त्यात तपासायला काही सापडलं नाही.

काल मुक्ताईताईंना हो म्हटलं. पाटीवर काय लिहू, त्यांनी विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. पहिल्या दिवशी मुलांनी चामडं नाकाशी धरलं की त्यांना एका कुंडीची गोष्ट सांगणार आहे. अडखळेन बहुतेक, पण सांगेन.

सोबतच्या डब्यात दोन टोप्या आहेत आणि फळीवर चिकटवलेली पट्टी. पट्टीवर पातं नेहमी मागे ओढायचं, पुढे ढकललं तर चामडं कापलं जातं. अंगठ्यात अजून जोर नसेल तर थांबा, पाटाला घाई नाही. आत्याला म्हणावं, या वेळी सगळं झाकून पाठवलं आहे.

तळाशी आणखी एक वस्तू आहे. तुम्ही चष्मा रुमालात गुंडाळून खिशात ठेवता, त्याच्या काचा म्हणूनच खरवडल्यात. त्यासाठी एक घर शिवलं आहे, म्हशीच्या चामड्याचं. ऑगस्टपासून माझ्या कपाटात होतं. त्याच्यावर काही नव्हतं, आज सकाळी माझं पूर्ण नाव दाबलं. एकेक अक्षर ठोकायला लागतं, आणि तुमच्या नावातला "ज" थोडा कलला आहे. तो तसाच ठेवला.

कुंडीवर बसून उघडा.

तुमची मुलगी,
अपेक्षा संजय वानखडे