बिरूच्या नावाचा अंगठा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
२४ मार्च

प्रिय प्रेरणा,

ईद होऊन तीन दिवस झाले आणि तुझा निरोप नाही, हे सहा वर्षांत पहिल्यांदाच घडलं. दरवर्षी तू शीरखुर्म्यावरून मला छळतेस, की डबा तुझ्या हाती पोचेपर्यंत अर्धा रस्त्यातच कुणीतरी संपवतं. यंदा मी केला, पण साखर घालायची विसरले. अम्मीने पहिला घोट घेतला आणि साखरेचा डबा माझ्यापुढे ठेवला. मी रागावले आहे असं तुला वाटेल. आहेच, पण आधी स्वतःवर आणि मग तुझ्यावर. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

आपलं केंद्र तसंच आहे. खिडकीची तीच एक काच फुटलेली आहे आणि तू आणलेलं मनीप्लांट माझ्या हातून अजून मेलेलं नाही, याचं मलाच नवल वाटतं. कोर्टाने तुरुंगाऐवजी बंधपत्रावर सोडलेली माणसं महिन्यातून एकदा हजेरीला येतात, बाकावर बसतात, आपण त्यांची विचारपूस करतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही विशेष दिसत नाही. पण शकीलाआपाचं घर आठवतं? तिचा मुलगा अम्मार बंधपत्रावर सुटलेला, चौकशीला गेलेल्या माणसाने तीन वेळा कडी वाजवली आणि ‘घरचे सहकार्य करीत नाहीत’ असं लिहून दिलं. आपा बिचारी इद्दतमध्ये होती. नवरा जाऊन दोन महिने झालेले, परक्या पुरुषासमोर ती कशी येणार? मी गेले, तिच्याजवळ जमिनीवर बसले, तासाभरात सगळी माहिती मिळाली आणि अम्मारचं बंधपत्र रद्द होता होता वाचलं. त्या दिवशी तू म्हणालीस की कायदा सगळ्यांना एकच असतो, पण प्रत्येक घराचं दार वेगळ्या बाजूला असतं आणि ते शोधणं हेच आपलं काम. मला ते इतकं आवडलं की मी घरी जाऊन अम्मीला सांगितलं.

मग बिरू आला. करमाडकडचा, मेंढरं राखणारा. कपाशीत मेंढरं शिरली म्हणून राखणदार रामकिसनशी त्याची जुंपली आणि बिरूच्या काठीने रामकिसनचा हात मोडला. पहिलाच गुन्हा, म्हणून कोर्टाने त्याला दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडलं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी हजेरी आणि परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. मेंढरं राखणाऱ्या माणसाला जिल्हा सोडू नको म्हणायचं! दिवाळी झाली की कळप खाली परभणीकडे उतरतो, लोकांच्या शेतात बसतो आणि पाऊसपाण्याला परत येतो. कोर्टात हे कुणी विचारलं नाही आणि बिरूने सांगितलं नाही. परवानगीचा अर्ज आपण करून द्यायला हवा होता. तू म्हणालीस, महिना जाईल, तोवर कळप उपाशी मरेल.

त्या पहिल्या हिवाळ्यातला मंगळवार मला कालच्यासारखा आठवतो. बिरूच्या जागी त्याचा थोरला भाऊ बिभीषण आला, लंगडत, पटका सावरत. कंबर गेल्यापासून तो कळपाबरोबर जात नाही. बाहेरचं सगळं तोच बघतो. सोयरीक ठरवायची असो की जातीच्या बैठकीत जबाब द्यायचा असो, थोरला बसला की सगळं घर बसलं आणि त्याच्या शब्दाला सगळे बांधील. “बिरू मेंढरामागं खाली गेलाय,” तो म्हणाला. “मी आलोय नव्हं का. घर आलं म्हंजे झालं.” मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसलीस, वही उघडलीस आणि बिरूच्या नावापुढे बिभीषणचा अंगठा घेतलास. बाजूला तसा शेरा लिहू का, असं मी विचारलं. शेरा लिहिला तर वर पाठवायच्या कागदात तो जाईल आणि बिरू आत जाईल, असं तू म्हणालीस. ते खरंही होतं. अंगठ्याखाली साक्षीची सही तू केलीस. तशा चार सह्या तुझ्या आहेत. नंतर तू पुण्याला गेलीस, मोठ्या संस्थेत, आणि तिथे आपल्या केंद्राच्या शंभर टक्के हजेरीवर तू केलेलं भाषण आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. मी तर टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या हिवाळ्यात अंगठा बिभीषणचाच होता आणि साक्षीला मी होते.

यंदाच्या जानेवारीत, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकराला बिभीषण येऊन गेला. त्याच दुपारी करमाडजवळ बांधावर कुणीतरी रामकिसनला बेदम मारलं. तो बोलू शकला नाही आणि नऊ दिवसांनी गेला. हे मी पेपरात वाचलं आणि वाईट वाटून पान उलटलं. आठवड्याने पोलिसांचं माणूस केंद्रात आलं. त्या तारखेला बिरू हजर होता का, एवढंच लिहून हवं होतं. प्रेरणा, मी खुशीने लिहून दिलं. मला वाटलं, जुनं भांडण म्हणून त्याच्यावर संशय आला असेल आणि हजेरी चोख आहे हे दिसलं की त्याला सोडतील. शिक्का मारताना तो सरळ उमटावा म्हणून मी दोनदा पुसला.

त्या कागदाने काय केलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याच्याच जोरावर त्यांनी बिरूला खुनाच्या आरोपात अटक केली. बिरू त्या दिवशी परभणीकडे कळपात होता. पण शेताचा मालक गावाला गेलेला आणि कळपातल्या घरच्या माणसांच्या साक्षीला कोण विचारतो? पोलिसांचं म्हणणं सरळ आहे. अकराला तो छावणीत होता, तिथून करमाड तासाभराच्या आत. तो जिल्ह्यात होता याचा दुसरा कुठलाच पुरावा त्यांच्याकडे नाही. आहे तो फक्त आपला अंगठा आणि माझा शिक्का. बरं, बिरूने तरी नाही म्हणावं! त्याला विचारलं, हजेरी दिली होतीस का, तर तो म्हणाला, व्हय, दिली. त्याच्या हिशेबी घर हजर होतं, म्हणजे तो हजर होता.

त्याच्या वकीलबाईंबरोबर मी हर्सूलच्या तुरुंगात जाऊन त्याला भेटले. वाळलाय. आक्काबाई, त्याची बायको, दोन लेकरं घेऊन एकटी कळप हाकते आहे, त्याची त्याला जास्त काळजी. मी कळवळून म्हटलं, अरे, तू तिकडे होतास हे का सांगत नाहीस? तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमच्या वहीत मी आलोय ना बाई. मग मी नाय कसं म्हणू? तुमी खोट्या पडाल.” तो आपल्याला वाचवतो आहे, प्रेरणा. खुनाच्या आरोपात बसून तो आपली अब्रू राखतो आहे.

आणि बिभीषण अजून येतो. फेब्रुवारीत आला, या महिन्यातही आला, ठरल्या मंगळवारी, पटका बांधून. भाऊ तुरुंगात आहे हे त्याला कळतं, पण हजेरी चुकली तर आणखी काही होईल अशी त्याला धास्ती आहे. मी अंगठा घेतला नाही तेव्हा त्याचा चेहरा उतरला. जाताना दारात थांबून म्हणाला, “मी जातो की आत त्याच्या जागी. घरातलं कुणीतरी आत असलं म्हंजे झालं ना?” आपण त्याला दोन वर्षं हेच शिकवलं, की सरकारला असंही चालतं. त्याला दोष कसा देऊ?

मी सव्वा महिना गप्प बसले. नोकरी, अम्मीचं औषधपाणी, उद्या मलाच आत बसावं लागलं तर काय, सगळं मनात येत होतं. वर असंही वाटे की ज्याने मारलं तो सापडेल आणि आपोआप सुटेल सगळं. कुणी सापडलं नाही. शोधतंय तरी कोण? गेल्या आठवड्यात आपल्या संस्थेचे सचिव अप्पाराव केंद्रात आले. एरवी ते वर्षाला एकदा, फोटोपुरते येतात. गोड बोलले, माझ्या पगारवाढीचा विषय स्वतःहून काढला आणि मग कपाटाची किल्ली मागितली. जुने कागद वाळवी लागण्याआधी मुख्य कार्यालयात न्यायचे म्हणे. किल्ली घरी राहिली असं मी खोटं सांगितलं. दोन दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी त्यांच्याबरोबर एक अनोळखी माणूस होता, तो दारातच उभा राहिला आणि मी कुठे राहते ते त्याने दोनदा विचारलं. काल सकाळी कपाटाचं कुलूप तुटलेलं होतं. आत काही नव्हतं, कारण वह्या मी आधीच घरी नेल्या होत्या, कणकेच्या डब्यामागे. अम्मी रोज संध्याकाळी दार लावून घेते आणि का ते विचारत नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. अप्पारावांना खरं तर सगळे जुने कागद नको होते. त्यांना फक्त पहिल्या वर्षाची वही हवी होती, निळ्या पुठ्ठ्याची, आणि रंगासकट त्यांनी ती मागितली. ते कधी वही उघडून बघणारे नाहीत. त्या वहीत काय आहे हे जगात चौघांना ठाऊक आहे. त्यातला एक तुरुंगात आहे, दुसऱ्याला वाचता येत नाही, तिसरी मी. तू त्यांना फोन केलास, हो ना? घाबरली असशील, मला समजतं. मीही घाबरले आहे. पण आज सकाळी मी दोन्ही वह्या वकीलबाईंच्या हाती दिल्या आणि अंगठ्यांची तपासणी व्हावी म्हणून माझा जबाब लिहून सही केली. अंगठे बिभीषणचे निघतील आणि तपासणी पहिल्या पानापासून होईल. जबाबात माझं नाव वर आहे, त्याखाली तुझं. तुला फोन केला नाही, कारण तू मला समजावून सांगितलं असतंस आणि मला ते पटलं असतं. आजवर तू सांगितलेलं मला सगळंच पटत आलं आहे. हे पत्र पोचेल तेव्हा तुला समन्स आलेलं नसेल. जमलं तर त्याआधी तू स्वतःहून इथे ये.

तुझीच,
गजाला