फोनवर फक्त इंग्रजी

३ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे! सामान वर चढवताना कंबरेचा काटा ढिला झाला, पण खोली पाहिली आणि सगळा शीण उतरला. दोन खिडक्या, खाली मागचं अंगण, आणि मुख्य म्हणजे नळाला पाणी. चिमणीने आल्या आल्या कपाटात शिरून, पलंगाखाली सरपटून लपायच्या जागा हेरल्या. माझी ही लेक म्हणजे वय सहा आणि तोंड साठीचं. तिचे बाबा गेल्यापासून इतकं खिदळताना मी तिला पाहिलं नव्हतं.

खाली घरमालक, काका-काकू, दोघंच. काका फ्रीज दुरुस्त करायचे, आता ते बंद केलंय. भाड्याऐवजी मी त्यांना रोज दुपारी बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवायचं, असं ठरलंय. नातू परदेशात वाढलेला, त्याला मराठीतला म कळत नाही, आणि तो बोलतो ते ह्यांच्या डोक्यावरून जातं. मला काय, घरबसल्या काम आणि वर घर. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

५ नोव्हेंबर
पहिला धडा झाला. माझी पद्धत जुनीच. क्रियापद एकटं पाठ करायचं नाही, त्याच्या मागे येणारा छोटा शब्द बरोबरच घ्यायचा. वेट म्हटलं की फॉर, लिसन म्हटलं की टू. लुकला अ‍ॅट जोडला की बघणं, फॉर जोडला की शोधणं, आफ्टर जोडला की सांभाळणं. आणि वाक्य घरातलंच हवं, पुस्तकातलं चालणार नाही. काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून ठोकून दिलं, आय अ‍ॅम वेटिंग फॉर टी. त्यातलं टी तेवढं काकूंना कळलं. आतून निरोप आला की दूध नासलंय, बसा वाट बघत. हसून हसून माझं पोट दुखलं.

काकू स्वतः काही शिकायला बसत नाहीत. यस आणि गुड बॉय, एवढ्या भांडवलावर त्यांचं चाललंय. नातू काहीही बोलो, ह्या हसून तेवढंच म्हणणार. मी टोकलं तर म्हणाल्या, मला अर्थ नको गं, आवाज पुरे.

८ नोव्हेंबर
सरावासाठी नवा नियम काढला: फोनवर फक्त इंग्रजी. चिमणी शाळेमुळे फाडफाड बोलते. तिने माझ्या मोबाईलवरून खाली फोन लावायचा आणि काका-काकूंशी गप्पा मारायच्या. मोबाईलचं पहिलं बटण त्यांच्याच नंबरचं करून ठेवलंय. मी बाहेर असताना काही लागलं तर तिने तेच दाबायचं. कार्टी नियमाची पक्की! आज काकू मराठीत विनवण्या करत होत्या, पण ही बया इंग्रजीवरून हलेना. शेवटी काकूंनीच हात टेकले. यस, यस, गुड गर्ल म्हणून फोन ठेवून दिला.

अंगणात जुने फ्रीज पडलेत, एकालाही दार नाही. सगळी दारं काढून भिंतीला टेकवून ठेवलीत. विचारलं तर काका म्हणाले, सुटी दारं लवकर विकली जातात. असेल बुवा.

१३ नोव्हेंबर
रोज चारला नातवाचा फोन येतो. घंटा वाजली की काका धडा आणि काकू हातातलं काम टाकून धावतात. दुसऱ्या दिवशी काका कानावर पडलेले शब्द घेऊन माझ्याकडे येतात. आज त्यांनी गेट आउट ऑफचा अर्थ विचारला. मी सांगितलं, आतून बाहेर पडणं. मग विचारलं, त्याच्या आधी कान्ट असेल तर? म्हटलं, मग बाहेर पडता येत नाही. काकांनी कप खाली ठेवला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. चहा गार झाला तरी आले नाहीत. मी काही बोलले का त्यांना? मला तर आठवत नाही.

१७ नोव्हेंबर
दुपारी काकांना लाफ अ‍ॅट शिकवलं, एखाद्याला हसणं. वाक्य करा म्हटलं तर करेनात. एरवी काकूंवर दहा वाक्यं केली असती.

चारचा फोन आज चिमणीने उचलला. काका देवघरातून येईपर्यंत हिच्या गप्पा रंगल्या होत्या. काकांनी तिच्या हातातून रिसीव्हर हिसकावला, अक्षरशः हिसकावला. मला राग आला. लेकरू आहे, काय झालं एवढं? वर आल्यावर चिमणी सांगत होती की तो दादा लपलाय आणि म्हणतो शोध मला. मग लपायची हिची पाळी.

१८ नोव्हेंबर
काकांनी सगळं सांगितलं. नातू नाही. गेल्या वर्षीच गेला.

लपाछपी खेळताना तिकडच्या घरातल्या जुन्या, बंद पडलेल्या फ्रीजमध्ये शिरला, आणि दार लागलं. उजेडासाठी बापाचा मोबाईल हातात होता. बाप शेवटचं इथेच बोलला होता, म्हणून बटण दाबल्यावर फोन इथे लागला. तेव्हा इथे चार वाजले होते. पोर भराभरा काहीतरी सांगत होतं. ह्यांना वाटलं, लाडात आलाय. काकू हसल्या. यस, यस, गुड बॉय. आणि फोन ठेवला.

काकांच्या मुलाने आईबापाशी बोलणं टाकलं. हा फोन मात्र तेव्हापासून रोज येतो. तीच वाक्यं. काका म्हणाले, तेव्हा कळलं नाही, आता तरी त्याचं ऐकून घेऊ दे. मी ओढणीने डोळे पुसत बसले. म्हाताऱ्याच्या जिवाला किती लागलं असेल ते, देवा.

२० नोव्हेंबर
काकांनी हात जोडले. पोरी, एकदा तू ऐक आणि मला मराठीत सांग.

ऐकलं. एवढासा आवाज, धाप लागलेला. आजोबा, मी फ्रीजमध्ये लपलोय. मला बाहेर येता येत नाही. पप्पाला सांगा मला शोधायला. मग नुसता श्वास. मग — आजी, आर यू लाफिंग अ‍ॅट मी?

मी खोटं बोलले. शेवटी तो म्हणाला आजीची आठवण येते, असं सांगितलं. काका माझ्याकडे बघत राहिले. लाफ अ‍ॅट त्यांना मीच शिकवलं होतं.

आणि त्याच्याही पुढे एक वाक्य होतं. ते रोजचं नसणार. काकांना सांगितलंच नाही — ती मुलगी माझ्याशी खेळायला येईल का —

२१ नोव्हेंबर
सामान बांधलं. उद्या संध्याकाळी टेम्पो. चिमणीला खाली जाऊ दिलं नाही. रुसून बसली. म्हणते, माझी पाळी राहिली.

२२ नोव्हेंबर
चिमणी सापडत नाही.

जेवली, मी भांडी विसळत होते — वळले तर नाही. कपाट, पलंगाखाली, गच्ची, अंगण. फ्रीज सगळे बिनदाराचे, तरी एकेकात हात घालून पाहिलं. काका गल्लीतल्या लोकांना घेऊन शोधतायत. हाका इथवर येतात.

मोबाईलही नाही. तिने नेला असेल. खालून लावून लावून बोटं दुखली, लागत नाही. शेजारणीने वर आणून बसवलं, चक्कर येत होती. फोनपाशी काकू बसल्यात. वाजला की मला हाक मारा, असं बजावलंय. लिहिलं नाही तर वेड लागेल मला.

दाब गं बाळा ते बटण. दाब. पहिलंच —

वाजला. खाली वाजला.

चार झालेले नाहीत. अजून नाहीत. म्हणजे तो नाही — माझी चिमणी —

काकूंनी उचलला. हाक का मारत नाहीत? तिला सांगायला हवं, मराठीत बोल, मी काही म्हणणार नाही, मराठीत —

काकू हसतायत. यस, म्हणतायत. यस, यस, गुड ग