साखरेचा डबा

९ जाने. ८४
संपादकांनी चित्रकथेचं पान परत पाठवलं. मुलगी रडते, पण का रडते ते वाचणाऱ्याला कळत नाही म्हणे. पत्र टरकावलं. मग तुकडे जुळवत बसलो, पान परत कधीपर्यंत हवं ते बघायला. कॉलेज असंच सोडलं, सरांच्या अंगावर धावून. ते काही जुळलं नाही.

१० जाने.
दहा मिनिटांत लिहून टाकलं. नावाड्याची मुलगी बापाबरोबर पलीकडच्या बंदरात त्याच्या 'मित्राच्या' घरी जाते. बाप चहा करायला उठतो. तिच्या तोंडच्या फुग्यात: "बाबांनी साखरेचा डबा शोधला नाही. हात सरळ डब्यावरच गेला."
चित्रं हनीफची. म्हणाला, शब्द जास्ती झाले, फुग्यासाठी पोरीचं डोकं कापू काय? एक शब्द कमी करू दिला नाही. भांडलो.
शब्द माझे नाहीतच. सु.चे. दिवाळीनंतर मुंबईला बाबांकडे राहून आली तेव्हा मांडवीच्या धक्क्यावर सांगितलेले. बाबांचं तिकडे दुसरं घर आहे हे आईलाही सांगितलं नाहीये तिने. फक्त मला.

२६ फेब्रु.
छापून आलं. पहिला अंक सु.ला द्यायचा हे कधीचं ठरलेलं. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. परत आलो.

१ मार्च
वाचनालयात सु. भेटली. अंक तिच्या हातात. मी म्हटलं, नावाड्याची गोष्ट आहे, कुणाला काय कळतंय.
"आईने वाचलं. दोनदा."
"काही म्हणाली?"
"हा मुलगा तुझ्या ओळखीचा ना, म्हणाली."
थोबाडीत दिली असती तर बरं. तिने अंक नीट जागेवर ठेवला नि गेली. घरी येईपर्यंत तिच्या बापालाच शिव्या घालत होतो. मी कोण घालणारा.

१८ मार्च
शिमग्याला तिचे बाबा आलेत. पालखीत दिसले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काय लेखक, नाव छापून आलं ऐकलं. त्यांनी वाचलेलं नाही. मी हसलो. का हसलो

२० मार्च
हनीफ होडीवर नाव रंगवत होता, मी बाजूला पुढचं पान घेऊन. सु. आली. उभ्यानेच सांगितलं. सकाळी बाबांनी चहा मागितला. आई उठली नाही. आज तुम्ही करा, म्हणाली. बाबा फळीवरचे डबे उघडत राहिले. डाळ, पोहे, मीठ. आई नुसती बघत.
"मिळाला?" विचारायला नको होतं.
"आई म्हणाली, इथला डबा माहीत नाही वाटतं."
"मग?"
"मग मी बाहेर आले."
पानावर नावाड्याची बायको पहिल्यांदाच आलीय. तोंड उघडं, फुगा रिकामा. सु. बघत राहिली. "तिथे काही लिहिलंस तर बघ."
पान उद्याच्या टपालात पडायला हवं. तिच्या आईचं वाक्य फुग्यात बरोबर मावतं. मी मोजून बघितलं.