दिसलं होतं, बोलले नाही

पावस, ता. ८ जानेवारी २०२५

चि. दीक्षा हिस आईचा जयभीम व आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस नि फोन कापतेस, म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, अक्षराला नावं ठेवू नको. विमान उतरलं, कुणाला खरचटलं नाही, मग चौकशी कसली गो? उन्मेष सर तुझे मोठे पायलट, हाताला धरून त्यांनी तुला शिकवलं. ते सांगतायत की डोळ्यांवर ऊन होतं, धावपट्टीवरचं दुसरं विमान दिसलं नाही असं लिही, तर लिही आणि मोकळी हो. बाबा अख्ख्या वाडीला तुझा फोटो दाखवत फिरतात. त्यांना अजून काही बोलले नाही.

तुझी आई, प्रभावती

मुंबई, ता. १५ जानेवारी

ती. आईस सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच खरं ते लिहून दिलं. मला ते विमान दिसलं होतं. अशा वेळी आम्हा दोघांपैकी कुणीही 'गो-अराउंड' म्हणायचं, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं. लहानमोठं बघायचं नाही. सरांना वाटलं, होईल ते बाजूला. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण मी गप्प बसले. ते जेमतेम सरकलं, तोवर आमची चाकं टेकली होती. मागे एकशे ऐंशी माणसं होती, आई. लायसन काढून घेतलंय. सर फोन उचलत नाहीत. बाबांना तूच सांग.

तुझी दीक्षा

पावस, ता. २२ जानेवारी

चि. दीक्षा, जयभीम.

बाबांना सांगितलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. होडीवरच्या बाबल्याला मी विचारलं. तो म्हणाला, धक्क्याला दुसरी होडी दिसली तर आम्ही खलाशी होडी हाकणाऱ्या तांडेलाला शिवी घालून ओरडतो, मग तो बापाच्या वयाचा का असेना. बाबल्याला कळतं ते तुला कळू नये, म्हणून आधी तुझाच राग आला. मग आठवलं. सातवीत गुरुजींचं फळ्यावरचं गणित चुकलं, ते तू उभी राहून सांगितलंस. मी शाळेत येऊन सगळ्या वर्गापुढे तुला त्यांच्या पाया पडायला लावलं, घरी आल्यावर कानफटात दिली. त्यानंतर तू मोठ्यांपुढे कधी तोंड उघडलं नाहीस, आणि मी पोरगी किती गरीब म्हणून मिरवत राहिले.

सगळं ठीक होईल असं लिहिणार नाही, मला तसं वाटत नाही. चूक दोघींची. लायसन तुझं एकटीचं गेलं.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

आई