क्यू असलेला, यू नसलेला शब्द

आई, तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही, हे आधीच सांगून टाकते. तू कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होतीस, दिवसभर तुझा आवाज सातपूरहून मुंबई-पुण्याला जायचा, आणि नेमका तोच माझ्याकडे उरला नाही. तुझं बोलणं मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. शाळा सुटली की मी कधीकधी तुझ्या केबिनमध्ये येऊन बसायचे. फोनवर कुणाला नाव कळलं नाही तर तू स्पेलिंग सांगायचीस, "एम फॉर मालेगाव, डी फॉर दिंडोरी, एच फॉर हरसूल." मुंबईचा माणूस गोंधळायचा. "हरसूल कुठे आलं, मॅडम?" तू शांतपणे म्हणायचीस, "आमच्याकडे आलं. तुम्ही एच लिहा."

मग कंपनीत आपोआप फोन जोडणारं यंत्र बसलं आणि तुला डिस्पॅचमध्ये पाठवलं. पाकिटं चिकटवायची, शिक्के मारायचे. "दिवसभरात कुणाशी बोलायचं कारणच पडत नाही गं," कणीक मळता मळता तू एकदा म्हणालीस. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, घरात आपण दोघीच. त्याच महिन्यात तू जुन्या लग्नपत्रिका कापून इंग्रजी अक्षरांचे चौकोन केलेस, ब्लाउजपीसची पिशवी शिवलीस आणि आपला खेळ सुरू झाला. पिशवीतून सात अक्षरं काढायची आणि त्यांतून शब्द लावायचा. तू स्वयंपाकघरात फरशीवर बसली आहेस, कुकर गॅसवर आहे, पुढची शिट्टी व्हायच्या आत शब्द लागलाच पाहिजे असा तुझा नियम आहे. मी इंग्रजी शाळेतली, तू मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली, तरी बहुतेक डाव तूच जिंकायचीस. पेपरात, औषधाच्या खोक्यावर, कंपनीच्या पत्रांत दिसलेले शब्द तू कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला उतरवून ठेवायचीस. एक्सचे वेगळे, झेडचे वेगळे. अवघड शब्द लागला की स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचीस. एवढी खूश मी तुला दुसऱ्या कशाने झालेली पाहिली नाही.

मी नववीत असताना कॉलनीच्या गणपतीत आई-मुलांच्या जोड्यांसाठी इंग्रजी शब्दांची स्पर्धा ठेवली. तू अर्धी रजा टाकून आलीस, निळी साडी इस्त्री करून नेसलीस. शेवटच्या फेरीत आपण आणि माझ्या वर्गातल्या मैत्रिणीची जोडी, एवढेच उरलो. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर परीक्षक होते. ते म्हणाले, "क्यू आहे पण यू नाही, असा एक शब्द लिहा. चुकलात तर बाद." तू क्षणभरही थांबली नाहीस. एफ, ए, क्यू, आय, आर. मी कुजबुजले, "आई, हा आपला शब्द आहे. खोड तो." "इंग्रजीतही आहे. मी वाचलाय," असं म्हणून तू कागद देऊनही टाकलास. सरांनी तो माईकवर वाचला. "फकीर! अहो ताई, फकीर इंग्रजीत कधीपासून गेला?" सगळा मांडव हसला. माझ्या वर्गातली मुलं पुढेच बसली होती. मी माईकजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "सर, हा शब्द आईने लिहिला. मी नकोच म्हणत होते." मग लोक आणखी हसले. तूही हसलीस, सगळे हसतात म्हणून हसावं तशी. घरी येताना तू एवढंच विचारलंस, "भूक लागली का गं?"

दुसऱ्या दिवशी मी पिशवी काढली, तर म्हणालीस, "आज नको, डोळे दुखतायत." मग रोजच तुझे डोळे दुखायला लागले. कुकर लावायचीस आणि ओट्यापाशी उभी राहून शिट्ट्या मोजायचीस.

मैत्रिणीला बक्षीस म्हणून जाडजूड डिक्शनरी मिळाली होती. पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले. ती पाणी आणायला आत गेली तेवढ्यात मी एफचं पान काढलं. फकीर होता, आई. आधी के घालून, आणि त्याच्या शेजारीच क्यू घालूनही. मी पुस्तक मिटलं. घरी आले तेव्हा तू मेथी निवडत होतीस. "काय केलंत मैत्रिणीकडे?" "काही नाही." तुला शब्द सांगितला असता तर माईकवर मी जे बोलले त्याबद्दलही बोलावं लागलं असतं.

पाच वर्षांनी तुला कावीळ झाली, ती उतरेना. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी एकदा धीर केला. "आई, एक सांगायचं होतं." तू डोळे न उघडता म्हणालीस, "सिलिंडरचा नंबर लावलास का?" "लावते." "आजच लाव, नाहीतर खोळंबा होईल." मी नंबर लावायला उठले. दुसऱ्या दिवसापासून तू कुणाला ओळखेनाशी झालीस.

आता मी बँकेत आहे, गंगापूर रोडला फ्लॅट घेतलाय, एकटीच राहते. घरी आल्यावर कुलूप उघडल्याच्या आवाजानंतर दुसरा आवाज नसतो. संध्याकाळी कॉम्प्युटरवर तोच खेळ खेळते, कुठल्याकुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांबरोबर. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून राहिलेलंही लिहून टाकते. गेल्या आठवड्यात एका बाईला मी हरवलं. खेळ संपल्यावर तिने विचारलं, इतके शब्द कुठे शिकलीस? मी 'आईकडून' असं टाइप केलं. मग वाटलं, ती आता तुझ्याबद्दल विचारेल, तू अजून खेळतेस का म्हणून. मी ते पुसलं आणि 'शाळेत' असं लिहिलं. शाळा फार चांगली असणार, असं तिने कळवलं. मी 'हो' म्हटलं.