वरच्या उताराचं लाकूड

न्यू ब्रिटन बेट, पापुआ न्यू गिनी
४ फेब्रुवारी २०२४

ती. रघुनंदनअण्णांस,
दयानंदचा सा. न. वि. वि.

इथे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र सामानाच्या बोटीबरोबर पाठवतोय. आपल्या दारं-चौकटींच्या कारखान्यासाठी लाकूड बघितलं. खालचा डोंगर तोडून बोडका झालाय, उरलंय ते हलकं. वरच्या उतारावर मात्र चौघांच्या कवेत न मावणारी झाडं आहेत. मी हो म्हटलं की ठेकेदार तिथवर रस्ता काढणार.

छावणीत स्वयंपाक करणारी रोसा त्याच उताराखालच्या गावची. ते रान आमच्या घरांच्या डोक्यावर आहे, त्यानेच माती धरलीय, असं तिने माझा हात धरून सांगितलं. अण्णा, मला हो म्हणवत नाही. वहिनींच्या चटणीपुडीवर दोन घास जातात.

धाक आणि माया, दोन्ही असू द्यावीत.
दयानंद


के. आर. पुरम, बेंगळूरु
२६ फेब्रुवारी

चि. दयानंद यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. इकडे क्षेम. महादेवपुऱ्याच्या इमारतीवाले दारांसाठी रोज विचारतात, आणि मंजुनाथ मिस्त्री करवतीला धार लावून बसलाय. तू नाही म्हटलंस तर दुसरा हो म्हणेल. झाडं काही वाचणार नाहीत, ऑर्डर मात्र आपली जाईल. जगाची काळजी स्वल्प बाजूला ठेव. लहानपणीही कोंबडं कापायचं ठरलं की तू घरातून पळायचास! ताप आला तर लपवू नको, असा वहिनीचा निरोप आहे. हो म्हण आणि परत ये.

तुझी वाट बघणारा,
रघुनंदन


न्यू ब्रिटन
१९ एप्रिल

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तुमचं खरं ठरलं. मी नाही म्हटलं, दुसऱ्या व्यापाऱ्याने हो म्हटलं. ओंडके गेले. मग पाऊस लागून राहिला आणि एका दुपारी उतारच खाली आला. रोसा छावणीत कामावर होती, तिची मुलगी घरात. आम्ही हातांनी चिखल उपसला. मुलीचा देह सापडला, तेव्हा रोसाने कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

आता गावकरी उरलेल्या रानातून रोपं आणून उतारावर लावतायत. मी टोपल्या वाहतो. बरीच रोपं वाहून जातात, पुन्हा लावतो. एवढ्यात येत नाही, अण्णा.

रागावलात तरी परकं करू नये.
दयानंद


के. आर. पुरम
११ जून

चि. दयानंद यास आशीर्वाद.

पत्र वहिनीला वाचून दाखवायला बसलो, जमलं नाही. तिने स्वतः वाचलं. मागच्या आठवड्यात दलालाने लाकूड बघायला बोलावलं. न्यू ब्रिटनचं म्हणाला. कुठल्या डोंगराचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. हात फिरवला. असं लाकूड मी जन्मात बघितलं नाही. न घेता परत आलो.

महादेवपुऱ्याची ऑर्डर गेली. मंजुनाथ करवत पुसत म्हणाला, सरी अण्णा, ठीक आहे, कॉफीच्या मळ्यातल्या सिल्व्हर ओकची कपाटं करू. ती करतोय. ओढाताण आहे, चाललंय.

रोपं मूळ धरेपर्यंत तिथेच राहा. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, एवढं विसरू नको. आणि त्या मुलीचं नाव तू लिहिलं नाहीस. कळव. वहिनी संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, तेव्हा ते नाव घ्यायचं म्हणते.

तुझा अण्णा