लात न घेता मॅरेथॉन

८ सप्टेंबर १९८३, गुरुवार
काल पोळ्याच्या सकाळी मी बैल नदीवर नेऊन धुतले, शिंगांना रंग दिला आणि मारुतीपुढे नारळ फोडून म्हणालो, देवा, सगळ्यांचं भलं कर. त्या सगळ्यांत बंडूजीला धरू नये, ही दुरुस्ती आज सकाळी देवळात जाऊन केली.

कारण असं. संध्याकाळी तोरणाखाली गावच्या तीस जोड्या उभ्या. माझी तिसरी. निघायच्या वेळेलाच उजव्या पायात कळ आली. कमरेतून निघाली ती थेट टाचेत. कासरा हातात धरून मी खालीच बसलो. मागचा सगळा पोळा थांबला. तेव्हा बंडूजी, माझ्या धुऱ्याचा शेजारी, बांधाला बांध लागलेला माणूस, गावासमोर ओरडला, "नत्थूभाऊ, रविवारी घरी येजा! एक लात देतो, मोकळे व्हान!"

गाव हसलं. माझ्या बैलानेसुद्धा मान हलवली.

बंडूजी पायाळू आहे. आईच्या पोटातून पाय पुढे करून आला, त्याची आयुष्यभर मिजास. ज्याच्या कमरेत चमक भरते, पाय धरतो, तो रविवारी नाहीतर बुधवारी याच्या ओट्यावर जाऊन पाठ करून वाकतो. हा डाव्या पायाने तीन लाता मारतो. लोक बरे होऊन जातात म्हणे. पैसा घेत नाही. खोबऱ्याची वाटी घेतो. मला वाटतं, लात मारायला मिळते हीच त्याची कमाई.

मी मेलो तरी त्या ओट्यावर वाकणार नाही. इथे लिहून ठेवतो.

११ सप्टेंबर
मी क्षमाशील माणूस आहे. बंडूजीला मी क्षमा करणार. पण आधी थोडा बदला घेतो.

१९ सप्टेंबर
योग आला. रूपराव गुरुजी शाळेत कवायत शिकवतात. ते २६ जानेवारीला समुद्रपूर ते गिरड अशी पायी पळायची मॅरेथॉन ठेवणार आहेत. वयाची अट नाही. पहिलं बक्षीस स्टीलची बादली. खरी मॅरेथॉन सव्वीस मैलांची असते, पहिलं वर्ष म्हणून गुरुजींनी अर्धी ठेवली. सायकलच्या चाकाला फडकं बांधून, फेरे मोजत ते स्वतः गिरडपर्यंत जाऊन आले. मी लगेच नाव दिलं. वय ४९.

मग गुरुजींनी सांगितलं की संध्याकाळी बंडूजीही आला होता. त्याने विचारलं, "नत्थूभाऊ धावून राह्यले का? मंग माहं बी लिवा."

म्हणजे आव्हान. ठीक आहे. त्याला मी गिरडच्या टेकडीखाली सगळ्या तालुक्यासमोर मागे टाकीन. त्याच संध्याकाळी क्षमा करीन.

२० सप्टेंबर, पहाटे ५
प्रॅक्टिस सुरू. देवळापासून पुलापर्यंत गेलो. येताना कळ आली म्हणून चालत आलो. चालणं हीसुद्धा प्रॅक्टिसच आहे.

२१ सप्टेंबर
विश्रांती. स्नायूंना विश्रांती लागते.

२२ सप्टेंबर
विश्रांती.

२ ऑक्टोबर
समुद्रपूरच्या डॉक्टरांनी टेबलावर निजवून पाय वर उचलला. मी ओरडलो. ते म्हणाले, सायटिका. धावायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. वांग्याची टोपली कोण उचलणार, हे मी विचारलं. ते म्हणाले, नेक्स्ट. शहरात शिकलेल्या माणसाला बदल्याचं महत्त्व कळत नाही.

५ ऑक्टोबर
स्वतःच उपचार केला. बिब्बा गरम करून पोटरीला लावला. दुपारपर्यंत पोटरीवर लिंबाएवढा फोड. आता दोन प्रकारची दुखणी आहेत. एक असली की दुसरी तेवढी जाणवत नाही, हा फायदा.

वच्छला म्हणाली, "अवो, बंडूजीकडं काऊन नाई जात? त्याची लात साऱ्या गावाले लागू पडते, तुमालेच नाई का?" माझ्या पत्नीचं मन साधं आहे. मान काय चीज असते, हे तिला समजावून सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने एक जरा जोरात थापली.

१७ ऑक्टोबर
दसरा काल झाला. सगळे एकमेकांना सोनं देत होते. बंडूजी सोनं घेऊन आला, तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसलो. अर्धा तास. तोही वच्छलेकडून चहा पिऊन अर्ध्या तासाने गेला.

मात्र आज खरी कारवाई केली. त्याचा शेताचा रस्ता माझ्या धुऱ्यावरून जातो. मी धुऱ्यावर दोन्ही बाजूंनी बाभळीच्या काट्या टाकल्या. आता त्याने नाल्याकडून फेरा घालून जावं. एका खेपेला मैलभर जास्त. भोगू दे.

६ नोव्हेंबर
मारुतीला प्रार्थना केली की शर्यतीत बंडूजीचा पाय मोडू दे. घरी येईस्तोवर मनाला लागलं. देवाकडे कुणाचं वाईट मागू नये. परत गेलो. फक्त बुटाची नाडी तुटू दे, एवढंच मागितलं. मन शांत झालं.

नंतर आठवलं, तो अनवाणी धावतो.

१४ नोव्हेंबर
हिंगणघाटहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. एक नंबर मोठे आहेत, पण दुकानदार म्हणाला, धावताना पाय सुजतो. हा शास्त्राचा भाग.

२० नोव्हेंबर
गुरुजी भेटले. बंडूजीची फार तारीफ करत होते. त्याचा स्टॅमिना महिन्याभरात खूप वाढला म्हणे. नाल्याकडून रोज चार खेपा घालतो, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. येताना धावतच येतो. "असा डोक्यानं प्रॅक्टिस करणारा मानूस पाह्यला नाई," असं गुरुजी म्हणाले.



२१ नोव्हेंबर
काट्या काढाव्यात का, यावर दिवसभर चिंतन केलं. काढल्या तर मी हरलो असा अर्थ होतो. ठेवल्या तर तो जिंकतो. काट्या ठेवल्या. माणसाने आपल्या तत्त्वाला धरून राहावं.

१ डिसेंबर
घरातच फितुरी. कापूस वेचून वच्छलेची कंबर आठ दिवस धरली होती. आज तिने दोन गुंड भरून पाणी आणलं, एक डोक्यावर, एक कमरेवर. मी विचारलं. ती म्हणाली, "काल गेलती बंडूजीकडं. तीन लाता बसल्या न् झालं ना मोकळं."

माझ्या घरच्या बाईने त्या ओट्यावर वाकावं! मी तिच्याशी अबोला धरला.

४ डिसेंबर
अबोला सोडला. तीन दिवस झाले तरी तिच्या लक्षात आला नव्हता. आज मीच सांगितलं की माझा अबोला आहे. ती म्हणाली, "हो का? मले वाटलं दात दुखते."

११ डिसेंबर
तोड सापडली. पायाळू काय जगात एकच आहे? वर्ध्याला गेलो असताना एस.टी.त एकाने सांगितलं की सावंगीला आनंदाबाई नावाची म्हातारी पायाळू आहे. खोबऱ्याची वाटी घेऊन तिकडे गेलो.

आनंदाबाई नव्वदीच्या. खाटेवर निजलेल्या. पाय वर उचलवत नाही. आता काय करावं? त्यांच्या सुनेने सुचवलं की तुम्हीच उचला. मी खाटेला पाठ लावून बसलो, हात मागे नेऊन त्यांचा पाय धरला आणि माझ्याच कमरेवर तीनदा आपटला. म्हातारी हसत होती. तिला गुदगुल्या झाल्या.

मग म्हणाली, "मारनाऱ्याचं मन लागते रे बाप्पा त्याच्यात. मले तं तुहं नावई माईत नाई. तुह्या गावात कोनी नाई का?"

मी म्हणालो, नाही. देवा, हे खोटं पदरात घे.

परतीच्या गाडीत उभं राहून आलो. बसता येत नव्हतं.

२० डिसेंबर
रात्रभर विचार करून निर्दोष योजना केली आहे. पायाळूची लात लागू पडायला हवी. पण ती मागितलीच पाहिजे, असं कुठे लिहिलं आहे? बंडूजीने रागाच्या भरात मला लात मारली तर काम तेच होईल. वाकणं नाही, विनंती नाही, खोबऱ्याची वाटीही नाही. वर त्याचीच गावात बदनामी.

२१ डिसेंबर, बुधवार
मुद्दाम लातेचा वार निवडला. सकाळी नाल्यावर त्याला गाठलं. आधी म्हणालो की तुझ्या तुरीला अळी लागली आहे. तो म्हणाला, "हो ना भाऊ, लय लागली." मग म्हणालो, तुझे बैल मरतुकडे. तो म्हणाला, म्हातारे झाले. मग मी त्याच्या बापावरून बोललो. शेवटी त्याच्याकडे पाठ केली आणि बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून वाकलो, अगदी बेतशीर अंतरावर. डोळे मिटून वाट पाहिली.

काही नाही.

मान वळवून पाहिलं तर तो हात जोडून उभा. "नत्थूभाऊ, माहं काई चुकलं असंन तं माफी करा. पोळ्यापासून तुमी बोलून नाई राह्यले. मले तं रात्री झोप लागत नाई."

मला उत्तर द्यायचं होतं, पण सरळ होता येईना. त्यानेच दंडाला धरून उभं केलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. माझ्या काट्या लागू नयेत म्हणून नाल्याकडून.

किती पाताळयंत्री माणूस आहे!

१ जानेवारी १९८४
नवीन वर्षाचा संकल्प: रोज पाच मैल.

२ जानेवारी
रोज दोन मैल.

३ जानेवारी
संकल्प मनातल्या मनात करावा. लिहिला की दृष्ट लागते.

१४ जानेवारी
संक्रांत. बंडूजीच्या घरून तिळाचे लाडू आले. मी खाल्ले नाहीत. वच्छला देवळात गेल्यावर दोन खाल्ले. गूळ जरा कमी होता.

१९ जानेवारी
गुरुजींनी छातीवर लावायचा नंबर दिला. मी सात, बंडूजी आठ. रांगेत शेजारी उभं राहावं लागणार. वच्छलेने सदऱ्यावर सात नंबर शिवून दिला. धावणाऱ्यांत अर्धे पोरगे हायस्कुलातले. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

२२ जानेवारी, रविवार
हे लिहायला नको वाटतं, पण या वहीशी खोटं बोलून कुठे जाऊ.

आज मारुतीपुढे वाकलो आणि वाकताच आलं नाही. पंचेचाळीस वर्षं रोज त्या दगडाला डोकं टेकवतो. लहान होतो तेव्हा बाप मान धरून टेकवायचा. आज कंबर अर्ध्यावर अडली. मी भिंत धरली, गुडघे वाकवले, तरी कपाळ आणि दगड यांच्यात वीतभर अंतर राहिलं. तसाच उभा राहिलो. पुजारीण भागीरथाबाई म्हणाली, "राहू द्या, भाऊ. देवाले कळते."

देवाला कळतं, हे खरं. काय काय कळतं, या विचाराने घाम फुटला. चार महिने मी त्याच्याकडे येऊन काय मागितलं? नाडी.

२३ जानेवारी
पाऊल उचलवत नाही. वच्छलेने गरम विटेचा शेक दिला.  

२४ जानेवारी
ठरवलं. उद्या बुधवार आहे. उद्या लात घेतो, पाय मोकळा होतो, परवा त्याच पायाने त्याला हरवतो. याहून गोड बदला कुठला? ज्याने बरं केलं त्यालाच मागे टाकायचं. यात वाकणं आलं, पण ते डावपेचाचं वाकणं.

२५ जानेवारी, बुधवार, दुपारी ४
खोबऱ्याची वाटी धोतराच्या सोग्यात लपवून गेलो. ओट्यावर अकरा माणसं. बारावा मी. मला वाटलं हसतील. एक म्हातारा सरकला आणि म्हणाला, "बसा." बस. सगळे आपापल्या कमरेच्या विचारात होते.

माझी पाळी आली. वाटी ठेवली. बंडूजीने पोळ्याचा विषय काढला नाही. मी वाट पाहत होतो की काढील, मग मी उठून जाईन. नाही काढला. उलट माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "नत्थूभाऊ, एक सांगतो. लात बसली का तीन दिवस गावची शीव वलांडता येत नाई. वलांडली तं दुखनं डबल होऊन येते. उद्याची रेस समुद्रपुरातून हाय. इचार करा. आज जाऊ द्या, रेस झाल्यावर रविवारी या."

हे पथ्य सगळ्या गावाला माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी या ओट्यावर कधी आलोच नव्हतो.

मी विचार केला.  मागचे लोक खोकू लागले. उद्या निघालो तर फार तर आपल्या देवळापासून पुलाएवढं अंतर जाईन. तिथे बसेन. मला बसलेला पाहून हा थांबेल. थांबणारच, त्याचा स्वभावच तसा हलकट आहे. मग दोघंही हरू आणि तोच चांगला ठरेल. आणि परवा सकाळी देवळात वीतभर अंतर तसंच.

तिथे गुरुजी आपली मान धरून बसले होते. त्यांना सांगितलं की सात नंबर खोडा. त्यांनी खोडला. बंडूजी म्हणाला, "मंग माहाई खोडा. मी तं यांच्या संगतीनं जाऊ मनून नाव देल्लं होतं." मी त्याला दटावून सांगितलं की खबरदार, तू धाव. मी नसताना तो जिंकला तर त्या जिंकण्याला काही किंमत राहणार नाही, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. तो बिचारा हो म्हणाला.

मग मी सदरा वर केला, भिंतीला दोन्ही हात लावले आणि जेवढं वाकता येत होतं तेवढं वाकलो.

पहिली लात बसली. दुसरी बसली. तिसरी जरा जोरात मारा, असं मीच म्हणालो.